केल्पच्या, म्हणजे थंड समुद्रातल्या मोठ्या तपकिरी शेवाळाच्या, दोन जवळच्या जातींचा संकर होतो का, हे गोव्यातल्या दोनापावलच्या प्रयोगशाळेत तपासता येईल का?

येईल, पण केल्प हणजुणेच्या खडकांवर शोधू नका. तिथे दिसतं ते सरगॅसम, दुसरंच तपकिरी शेवाळ. गोव्याचं पाणी केल्पला फार गरम, त्यामुळे गॅमिटोफाइटचं, म्हणजे अंडी आणि शुक्राणू देणाऱ्या केल्पच्या सूक्ष्म नर-मादी धाग्यांचं, कल्चर मागवावं लागेल.

जाती वेगळ्या राहतात त्याचं कारण फेरोमोन, म्हणजे शुक्राणूंना खेचणारं रसायन, नाही. अंड्यातून सुटणारं लॅमॉक्सिरीन बहुतेक केल्पांत एकच, परक्या जातीचे शुक्राणूही त्याकडे धावतात. अडसर पुढे येतो: फलनात, कोंबाच्या वाढीत, किंवा संकराला बीजाणूच धरत नाहीत. कधी प्रजननाचा हंगामच जुळत नाही.

कल्चर 10–12 अंशांवर लाल उजेडात ठेवलं तर नुसतं वाढत राहतं, निळा प्रकाश मिळाला की अंडी धरतं. नर-मादी आधीच वेगळे काढा: मादीच्या पेशी जाड, नराच्या बारीक. इन्क्युबेटरला इन्व्हर्टर हवाच, आपल्याकडची वीज माहीत आहे.

फसगत होते ती इथे. फलित न झालेलं अंडंही वाढतं, वेडेवाकडे कोंब येतात आणि माणूस संकर झाला म्हणून खूश होतो. म्हणून नुसत्या मादीची एक डिश शेजारी ठेवाच. शेवटी डीएनए तपासा, तोही केंद्रकातला. मायटोकॉन्ड्रियाचा सहसा आईकडूनच येतो, त्यावरून बाप कळत नाही.