मैत्रिणीचं चित्र, जांभ्याची भिंत आणि "छान आहे गं"

प्रश्न : ताई नमस्कार. मी रत्नागिरीची. माझी शाळेपासूनची मैत्रीण चित्रकार आहे, पुण्यात असते, जलरंगात काम करते. आम्ही सासऱ्यांचं जुनं जांभ्याचं घर दुरुस्त करून घेतलं तेव्हा तिने मिरकरवाड्याच्या होड्यांचं एक मोठं चित्र दिलं, संध्याकाळचं, आभाळ नुसतं पेटलंय. पैसे विचारले तर म्हणाली वेडी आहेस का. आम्ही ते हौसेने इथल्याच एकाकडून फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, पश्चिमेच्या खिडकीसमोर, उजेड छान पडतो म्हणून. आता दोन पावसाळे झाले आणि आभाळात तपकिरी ठिपके आलेत, लाल रंगही उडल्यासारखा वाटतोय. गणपतीला ती येणारे. मिस्टर म्हणतात तेवढ्यापुरतं उतरवून माळ्यावर टाकू. आणि दुसरं म्हणजे ती व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन चित्रं पाठवते, मला "छान आहे गं" आणि अंगठा यापलीकडे काही सुचत नाही, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. तिला वाईट वाटत असेल का?

उत्तर : माळ्यावर अजिबात टाकू नका. एकतर तिथे अजून वाट लागेल आणि दुसरं म्हणजे ती घरात पाय ठेवल्या ठेवल्या आधी त्या भिंतीकडेच बघणार आहे हो, सगळे चित्रकार बघतात, पाणी प्यायच्या आधी. आजच फोन करा, फोटो पाठवा आणि सरळ सांगा की माझ्याकडून हे असं झालंय. जलरंगवाल्यांना बुरशी नवीन नसते.

आता झालं काय ते बघू. तुमची भिंत जांभ्याची, म्हणजे पावसाळ्यात ती ओल धरणार, बाहेरच्या अंगाची असेल तर विचारूच नका. त्यात बहुतेक फ्रेमवाल्याने काच चित्राला टेकवून बसवली असेल आणि मागे साधं हार्डबोर्ड. कागदाला श्वास घ्यायला जागाच नाही, मग ठिपके येणारच. लाल उडाला तो उन्हामुळे. सगळे रंग सारखे टिकत नाहीत, गेरू, बर्न्ट सिएना असले मातीचे रंग घट्ट असतात, पण संध्याकाळच्या आभाळाला पुष्कळ जण अ‍ॅलिझरिन क्रिमसन नावाचा लाल वापरतात आणि तो उन्हात फिकट होतो म्हणजे होतोच. तिने कोणता वापरला ते तीच सांगेल. उडालेला रंग मात्र परत येत नाही.

आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र माहितीये ना, पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात, ते जलरंगातलंच आहे, मॉडेल म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी. ते मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. समईचा उजेड उठून दिसावा म्हणून असेल, पण जलरंगाला अंधार मानवतो हे खरंच. आपण घरात काळोख करून बसायचं नाहीये, फक्त खिडकीसमोरची भिंत सोडा आणि आतल्या, दोन खोल्यांमधल्या कोरड्या भिंतीवर लावा. स्वयंपाकघराला लागून नको. उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्हीवाली काच मिळते पण महाग पडते, भिंत बदलायला खिळ्याचेच काय ते पैसे.

ठिपके पुसायला जाऊ नका, ओला कापूस, खोडरबर, इंटरनेटवरचे उपाय, काही म्हणजे काही नाही. फ्रेम उघडून चित्र सावलीत वाऱ्याला चांगलं सुकू द्या आणि मागचं बोर्ड फेकून द्या. पुण्यात किंवा कोल्हापुरात चांगल्या फ्रेमवाल्याकडून परत करून घ्या, त्याला सांगायचं की अ‍ॅसिड-फ्री माउंट हवा, म्हणजे चित्राभोवती बसवायची आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट, त्याने काच आणि कागद यात फट राहते, आणि चित्र फेविकॉलने चिकटवायचं नाही, सेलोटेप तर नाहीच, वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्या आणि पाण्याने सुटेल अशी खळ. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि फ्रेम यात वारा खेळतो, माझ्या घरी सगळ्यांना लावलेत. काच पुसताना स्प्रे फडक्यावर मारायचा, काचेवर नाही, नाहीतर तो ओघळून आत जातो. ठिपके फारच असतील तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा. थोडे असतील तर राहू दे. कोकणात दोन पावसाळे काढलेलं चित्र आहे ते.

आता "छान आहे गं" चं. वाईट वाटत नसेल, पण "अगदी फोटो वाटतोय" म्हणाला असाल कधी, तर त्याचं नक्की वाटलं असेल! चित्रकाराला हे ऐकून कसनुसं होतं आणि आपण मात्र खूप मोठं कौतुक केल्यासारखे उभे. कळण्याचं मनावर घेऊ नका. दिसलेलं सांगा, तेवढंच. जलरंगात पांढरा बहुधा रंगवत नाहीत, तो कोरा सोडलेला कागद असतो, म्हणजे पाण्यावरची ती चमक तिने आधीपासून ठरवून वाचवलेली आहे. पुढच्या वेळी नुसतं विचारा, "होडीच्या कडेचा एवढासा पांढरा कसा गं वाचवलास?" आणि मग फोन अर्धा तास ठेवता येणार नाही ही तयारी ठेवा.

माझ्या जेवणाच्या टेबलासमोर माझ्या मैत्रिणीचं एक ऑइल पेंटिंग आहे, वाड्याची ओटी. बारा वर्षं त्याच्यासमोर जेवतेय मी. मध्यंतरी आजारी होते, रोज तिथेच बसून पेज खायची, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ओटीच्या पायरीशी चप्पल एकच आहे. मी रात्रभर त्यावर विचार करून काय काय अर्थ लावले आणि सकाळी तिला फोन केला, तर म्हणते, "अगंबाई, दुसरी काढायला विसरले!" आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ती चप्पल दाखवते. विकत आणलेल्या प्रिंटबद्दल असा फोन कोणाला करणार?

पैशाचं राहिलंच. पहिलं चित्र भेट होतं, ते आनंदाने घ्या. दुसरं आवडलं तर तिच्या किमतीला घ्या, "मैत्रीत काहीतरी कमी कर" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. चांगला जाड, ३०० जीएसएमचा कॉटन कागद, रंग, ब्रश, प्रदर्शनाच्या फ्रेमा, गॅलरीचं भाडं, टेम्पो, हे सगळं चित्र विकलं जायच्या आधी तिच्या खिशातून गेलेलं असतं. आणि प्रदर्शन असेल तेव्हा उद्घाटनाला नाही गेलात तरी चालेल, तिथे गर्दी असते. मधल्या वारी दुपारी जा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला नंबर लागायला वर्षं जातात आणि मिळतो आठवडा, त्यात बुधवारी दुपारी तीन वाजता चित्रकार एकटाच खुर्चीत बसलेला असतो, डबा घेऊन जा.

प्रश्न : माझ्या मित्राचं गणपतीचं पेंटिंग मी पूर्ण पैसे देऊन घेतलंय. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर छापायचं आहे, आमचा डिझायनर म्हणतो बॅकग्राउंडचा निळा काढून मरून करू. चित्र माझंच आहे तर विचारायची गरज आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे. तुम्ही विकत घेतलं ते चित्र, ते छापायचा हक्क नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात लेखी ठरलं नसेल तर तयार चित्र विकलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. (मुद्दाम पैसे देऊन काढून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.) आणि चित्राची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यावरही तो हरकत घेऊ शकतो. पण कायदा राहू दे बाजूला, मित्र आहे ना तुमचा? पत्रिकेचं म्हटलं तर तो खूशच होईल, मागच्या बाजूला त्याचं नाव छापा. मरूनचं मात्र त्याच्यासमोर काढूच नका, निळा त्याने उगाच नाही लावला. मरून हवाच असेल तर पाकीट मरून करा.