ज्येष्ठांवरील लैंगिक हिंसेचे आकडे इतके कमी का दिसतात?

मुळात विचारलंच जात नाही. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महिलांची मुलाखत १५ ते ४९ वयापुरतीच. सत्तरीची आजी त्यात नाहीच. इंग्लंड-वेल्सच्या गुन्हे सर्वेक्षणातही या प्रश्नांना ५९ वर्षांची मर्यादा होती, २०१७ मध्ये ती ७४ झाली आणि २०२१ मध्ये काढूनच टाकली. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्रीय संस्था, साठीपुढच्या पीडितांचा रकाना ठेवते, पण त्यात फक्त नोंदलेले गुन्हे.

दुसरी गोची मुलाखतीत. सून किंवा आया शेजारी बसली असेल तर उत्तर बहुधा ‘नाही’च येतं. एकांत हवाच. ‘बलात्कार झाला का?’ऐवजी ‘नको असताना कुणी हात लावला का?’ असं विचारावं. स्मृतिभ्रंश आहे म्हणून नाव गाळणं तर सर्वांत वाईट, धोका तिथेच जास्त. आणि मांडीच्या आतले काळे-निळे डाग? ‘वयामुळे कातडी नाजूक झालीय’ म्हणून सोडून दिले जातात.