सिंगापूरला शिकायला येताना: खोली, कागदपत्रं आणि पहिले दहा दिवस

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकहून ऑगस्टमध्ये एनटीयूला (नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत) मास्टर्ससाठी यायचंय, कॅम्पसवर हॉस्टेल मिळालेलं नाही, आयपीए लेटर (स्टुडंट पासला तत्त्वतः मंजुरी मिळाल्याचं पत्र) आलंय. खोली तिथूनच ठरवू का, बॅगेत काय भरू, आणि पोचल्यावर आधी काय करू? शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

सिंगापूरमध्ये पहिल्या आठवड्यातली कामं एकात एक अडकलेली असतात. स्टुडंट पास, म्हणजे इथे शिकायला राहण्याचा परवाना, झाल्याशिवाय सिंगपास (सरकारी डिजिटल ओळख) मिळत नाही. सिंगपास नसला की बँकेचं खातं फोनवरून उघडत नाही, आणि शाखेत गेलीस तरी पास मागतात. खातं नाही म्हणजे पेनाऊ (आपल्या यूपीआयसारखी सोय) नाही, आणि इथे घरभाड्यापासून मैत्रिणींबरोबरच्या जेवणाच्या हिशेबापर्यंत सगळं पेनाऊवर चालतं. या साखळीची पहिली कडी म्हणजे मेडिकल. सहा महिन्यांहून मोठ्या पाससाठी एचआयव्हीची रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे लागतो, आणि रिपोर्ट तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. रिपोर्ट यायला कामाचे दोन-तीन दिवस जातात. म्हणून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकला जा. आधी खोली शोधते, मग मेडिकल बघते असं केलंस की सगळंच आठवडाभर मागे सरकतं. त्यात ९ ऑगस्टला राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, त्या दिवशी सरकारी कार्यालयं बंद.

पासची बाकीची कामं विद्यापीठ कधी कॅम्पसवर एकत्र करून देतं, नाहीतर लव्हेंडर स्टेशनजवळच्या आयसीएच्या (पास देणाऱ्या इमिग्रेशन विभागाच्या) केंद्रात ऑनलाइन वेळ घेऊन जावं लागतं. पासपोर्ट, आयपीए, मेडिकलचा फॉर्म, सही केलेल्या अटींचा कागद आणि फोटो लागतो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. आपल्याकडे व्हिसासाठी म्हणून स्टुडिओवाले बऱ्याचदा दोन बाय दोन इंचाचा चौकोनी फोटो देतात, तो इथे परत येतो. नाशिकमध्येच माप सांगून सहा प्रती काढून घे आणि सॉफ्ट कॉपीही ठेव. पास आता डिजिटल आहे, प्लॅस्टिकचं कार्ड मिळत नाही. त्यावरचा फिन नंबर (परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक) पाठ कर, कारण जाशील तिथे तोच विचारतात.

इथेच नावाचं सांगून ठेवते, कारण महाराष्ट्रातून येणाऱ्यांचं हमखास इथे अडतं. आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि कधी शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. इथली यंत्रणा फक्त पासपोर्ट मानते. बँक, सिम, भाडेकरार, विमा, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लिही, वडिलांच्या नावासकट. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं की पडताळणी तिथेच थांबते, आणि दुरुस्तीला परत रांगेत उभं राहावं लागतं.

प्रवासाचं एवढंच: एसजी अरायव्हल कार्ड (देशात प्रवेशासाठीचा सरकारी फॉर्म) पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं आणि ते मोफत आहे. पैसे मागणारी तसल्याच नावाची संकेतस्थळं आहेत, त्यांवर भरू नकोस. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, प्रवेशाची मुदत ईमेलवर येते. तो ईमेल जपून ठेव, त्या मुदतीच्या आत पासचं काम उरकायचं असतं. चांगी विमानतळाहून एनटीयूजवळच्या बून लेला जायला मेट्रोने टॅना मेराला गाडी बदलायची आणि ईस्ट-वेस्ट लाइनने सरळ जायचं. पण दोन मोठ्या बॅगा असतील तर ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) कर. बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं असल्यामुळे साधारण ३५ ते ४५ डॉलर होतात (डॉलर म्हणजे सगळीकडे सिंगापूर डॉलर).

आता खोली. भारतात बसून डिपॉझिट भरू नकोस, कितीही चांगले फोटो आले तरी. टेलिग्राम आणि फेसबुकवर फसवणारे हेच करतात: भाडं बाजारापेक्षा दोन-तीनशेने कमी, मालक परदेशात, 'आणखी दोघी तयार आहेत, आजच टोकन पाठव'. एजंट असेल तर त्याचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सीईएच्या (एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर तपास, आणि तिथे दिसणाऱ्या फोन नंबरवरच फोन कर. खऱ्या एजंटचं नाव-नंबर चोरून दुसराच बोलत असतो, म्हणून नुसता नंबर जुळणं पुरत नाही. शिवाय एचडीबीच्या (सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या) घराचं भाडं किंवा डिपॉझिट स्वतःकडे घ्यायची एजंटला परवानगीच नाही. 'माझ्या खात्यात टाक' म्हणाला की तिथेच थांब.

मग पहिले दहा दिवस राहायचं कुठे? परवानाधारक हॉस्टेल, हॉटेल किंवा ओळखीच्यांकडे. कुणाचा फ्लॅट आठवड्याभरासाठी ऑनलाइन बुक करू नकोस: खासगी घर तीन महिन्यांपेक्षा आणि एचडीबी सहा महिन्यांपेक्षा कमी काळ भाड्याने देणं बेकायदेशीर आहे. महाराष्ट्र मंडळ सिंगापूरच्या लोकांशी आधीच संपर्क ठेव. नवीन विद्यार्थ्यांना मदत करायला मराठी माणसं इथे खरंच पुढे येतात.

एनटीयूसाठी बून ले, पायोनियर, लेकसाइड हा पट्टा बघ. बून लेहून १७९ आणि १९९ नंबरच्या बस थेट कॅम्पसमध्ये जातात. कॉमन रूम म्हणजे बाथरूम सामायिक असलेली खोली, या भागात साधारण ८०० ते १,२०० डॉलर. मास्टर रूमला स्वतःचं बाथरूम असतं, ती महाग. खोली बघताना भिंतीचा रंग नको बघूस, हे विचार: स्वयंपाक करू देणार का? जाहिरातीत 'लाइट कुकिंग' लिहितात, त्याचा अर्थ प्रत्येक मालकाचा वेगळा. कुणाला मॅगी आणि अंडं चालतं, फोडणी नाही. 'मी रोज वरण-भात, भाजी करणार, मोहरी-हिंगाची फोडणी देणार' असं स्पष्ट सांग आणि हो म्हणाले तर करारात लिहून घे. सहा महिने बाहेर खावं लागलं तर बजेट कोसळतं. वीज-पाण्याला इथे सगळे पीयूबी म्हणतात. ते भाड्यात धरलंय का आणि महिन्याला किती डॉलरच्या वर गेलं तर वेगळं द्यायचं, तेही विचार. एसी फक्त रात्री लावायचा की दिवसाही? एसीची सर्व्हिसिंग कुणाच्या खर्चाने?

डिपॉझिट वर्षाच्या कराराला एक महिन्याचं असतं. करारावर मुद्रांक शुल्क भाडेकरूने भरायचं, एकूण भाड्याच्या ०.४ टक्के: ९०० डॉलरची खोली बारा महिने घेतलीस तर १०,८०० वर सुमारे ४३ डॉलर. सही झाल्यापासून चौदा दिवसांत भर. 'स्टॅम्पची गरज नाही' म्हणणारा मालक टाळ, कारण डिपॉझिटवरून वाद झाला तर स्टॅम्प नसलेला करार पुरावा म्हणून चालत नाही. मालकाने तुझं नाव एचडीबीकडे नोंदवलंय याचा पुरावाही मागून घे. ताबा घेताना गादी, भिंती, एसी, कपाटाची आतली बाजू, सगळ्याचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठव. खोली ठरली की आयसीएला पत्ता कळव.

बॅगेचं सांगते, आणि इथे आईलाही वाचायला दे. खसखस आणायची नाही. अजिबात नाही. ती अफूच्या बोंडातली बी, तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो, आणि सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी विभागाने ती निषिद्ध ठरवली आहे. पुडी कुणी मुद्दाम आणत नाही. अडचण लपलेल्या खसखशीची आहे. गोड्या मसाल्यात, कांदा-लसूण मसाल्यात, मालवणी मसाल्यात बऱ्याच घरी ती भाजून घालतात. डिंकाच्या लाडवात असते, करंजीच्या सारणात असते, आणि अनारशाला तर वरूनच लावलेली, उघड दिसणारी. मसाला कुटायच्या आधीच तुझा वाटा खसखशीशिवाय वेगळा करायला सांग, चवीत फार फरक पडत नाही. विकतच्या पाकिटावर 'पॉपी सीड्स' लिहिलंय का ते वाच. दिवाळीचा फराळ कुरियरने येणार असेल तेव्हाही हाच नियम.

च्युइंगगम आणि व्हेपही घरीच ठेव. व्हेप नुसती जवळ सापडली तरी शिक्षा आहे. औषधांत कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर एचएसएची (औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी आधी काढावी लागते, निघायच्या किमान दहा कामाच्या दिवसांपूर्वी अर्ज कर. बाकीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

तांदूळ, डाळ, पोहे, साबुदाणा आणून वजन घालवू नकोस. लिटल इंडिया या भागात आणि मुस्तफा या मोठ्या दुकानात सगळं मिळतं. बून लेहून आउट्रम पार्कला गाडी बदलून नॉर्थ-ईस्ट लाइनने लिटल इंडिया, किंवा मुस्तफासाठी पुढचं फॅरर पार्क. तासभर धर. त्यापेक्षा मेतकूट, भाजणी आणि इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर आण, कारण भाड्याच्या बऱ्याच घरांत आणि हॉस्टेलच्या पँट्रीत गॅस नसतो. आपल्या गोल पिना इथल्या सॉकेटात बसत नाहीत, चौकोनी तीन पिनांचे दोन अडॅप्टर घे. व्होल्टेज सारखंच आहे. वर्गात आणि ग्रंथालयात एसी कडक असतो, स्वेटर हवाच. चामड्याच्या चपला-पट्ट्यांना दमट हवेत दोन आठवड्यांत बुरशी येते, त्या आणू नकोस.

पैसे फॉरेक्स कार्डवर आण, हातात तीनशे डॉलर पुरे. भारतातलं सिम चालू ठेव, ओटीपी त्याच्यावरच येणार. रोमिंग निघायच्या आधी सुरू करून खात्री कर. यूपीआय आणि पेनाऊ २०२३ पासून जोडलेले आहेत, तुझं खातं उघडलं की घरून लहान रक्कम तशी येऊ शकते, तुमची बँक त्यात आहे का ते विचार.

मेट्रो-बसला व्हिसा किंवा मास्टरकार्ड टॅप केलं तरी चालतं, रुपे नाही. बसमधून उतरताना पुन्हा टॅप केलं नाहीस तर मार्गाच्या शेवटापर्यंतचं भाडं कापतात. आणि थांब्यावर हात दाखवला नाहीस तर बस थांबत नाही, सरळ निघून जाते.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, स्वस्तात पोटभर जेवण होतं. शाकाहारी असशील तर भाजी दिसते म्हणून घेऊ नकोस: सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट आणि परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस असतो. 素 हे अक्षर लिहिलेला गाळा पूर्ण शाकाहारी. साखर-दूध नसलेली कॉफी हवी तर 'कोपी ओ कोसोंग' म्हण, नुसतं 'कोपी' म्हटलंस तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड येते. जेवून झाल्यावर ट्रे स्वतः परत नेऊन ठेवायचा, २०२१ पासून तो कायदा आहे.

आणि कुणी फोन करून 'आयसीएमधून बोलतोय, तुझा पास रद्द होणार, पैसे भर' म्हणालं तर फोन ठेव आणि १७९९ या फसवणूकविरोधी हेल्पलाइनवर विचार. नवीन विद्यार्थी घाबरतात हे त्या लोकांना माहीत असतं, आणि पहिल्याच महिन्यात असे फोन येऊ शकतात.