लेथखालचा कीस, पान्यांची फळी आणि कॅमेरा

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ (धातू फिरवत कातायची यंत्रं), एक ड्रिल. वडिलांपासून चालत आलंय. मुलाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला. आमच्या फोटोग्राफी ग्रुपमधले रविवारी रंकाळा नाहीतर पन्हाळा गाठतात. मला मात्र वर्कशॉपमधल्याच वस्तूंचे फोटो काढावेसे वाटतात : लेथखालचा कीस (कातताना निघणारी धातूची कात्रणं), जुना चक (लेथवर वस्तू पकडून फिरवणारा भाग), पान्यांची फळी. पण फोटो बघितला की भंगाराच्या दुकानात काढल्यासारखा वाटतो. लोक विचारतात, यात बघण्यासारखं काय आहे? खरंच आहे का काही?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे, आणि ते तुमच्याइतकं जवळून बघायला फार थोड्या लोकांना मिळतं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांसाठी मी वर्षानुवर्षं कॅटलॉगचे फोटो काढले. गिअर, व्हॉल्व्ह, पंपाच्या बॉड्या. त्यामुळे हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तुमचा फोटो भंगारासारखा दिसतो, कारण एका चौकटीत तुम्ही अख्खं वर्कशॉप कोंबताय. एका फोटोत एकच वस्तू घ्या.

सुरुवात किसापासूनच करा. बिडाचा जॉब (कातायची वस्तू) लागला की कीस भुगा होऊन पडतो, कारण बिडातलं ग्रॅफाइट त्याला सलग राहू देत नाही. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, कीस मात्र वेटोळी घेत लांबच लांब निघतो. त्यातलं एक वेटोळं निवडा आणि नीट निरखा. जी बाजू टूलवरून (कापणाऱ्या पात्यावरून) घासत गेली ती गुळगुळीत आणि चकचकीत असते. उलट बाजू खरखरीत, बारीक दातऱ्यांची असते. आणि त्याचा रंग! कीस टूलपाशी तापतो आणि त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो : आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गडद निळा. मोरपिसाशी नातं सांगणारा हा निळा रंग तुमच्या पायाखाली पडलेला असतो आणि संध्याकाळी झाडून गोणीत भरला जातो.

परक्या फोटोग्राफरला तो रंग नुसता सुंदर दिसेल. तुम्ही त्या रंगावरून कट किती जड लागला होता ते ओळखता. माझ्या मते चांगल्या फोटोची सुरुवात या ओळखण्यातूनच होते. वस्तू काय काम करते, कुठे झिजते, हात कुठे लागतो, हे ज्याला ठाऊक त्याला कॅमेरा कुठे लावायचा ते आपोआप कळतं. चकच्या जबड्यांवर जॉब पकडून पकडून पडलेले ओरखडे हाच त्या चकचा चेहरा आहे. पॉलिश करून तो घालवू नका.

आता उजेडाचं. ट्यूबलाइट बंद करा, शटर अर्धं वर घ्या. बाजूने आणि खालून येणारा तो उजेड धातूच्या प्रत्येक रेषेला सावली देतो. ऊन थेट येत असेल तर मध्ये बटर पेपर ताणा. समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की काळोखी बाजूही उजळते. फ्लॅश नको. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, नाहीतर लाकडी ठोकळ्यावर. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) थोडं कमी करा, नाहीतर चकाकी पांढरीफेक होऊन रंग उडतो. हे वाचून दुसरं कुणी वर्कशॉपमध्ये शिरेल, त्याच्यासाठी सांगतो : मशीन बंद असेल तेव्हाच जवळ जा, आणि कीस पकडीने उचला. तो ब्लेडसारखा कापतो.

पान्यांच्या फळीबद्दल. वॉकर इव्हान्स या अमेरिकन फोटोग्राफरने १९५५ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी पत्रा कापायची कात्री, पकड, पाना, गवंड्याची छोटी थापी अशा साध्या अवजारांचे फोटो काढले. साध्या पार्श्वभूमीवर एका फोटोत एक अवजार, आणि सोबत त्याची बाजारातली किंमत. उद्योगपतींच्या मासिकात काही सेंटांचा पाना पानभर छापला गेला, यात मला मोठा मान दिसतो. तुम्हीही फळीवरून एक एक पाना खाली काढा, करड्या कागदावर ठेवा, बरोबर वरून फोटो घ्या. खाली आकार लिहा, कुणी वापरला ते लिहा. वडिलांचा एखादा असेलच.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढले. नेहमी समोरून, नेहमी ढगाळ उजेडात, म्हणजे सावली मध्ये येत नाही. मग एकाच प्रकारच्या टाक्यांचे फोटो ते शेजारी शेजारी लावत. एकट्या टाकीकडे कुणी ढुंकून बघत नाही. नऊ टाक्या ओळीने दिसल्या की प्रत्येकीचा बांधा वेगळा जाणवायला लागतो. १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला, तोही शिल्पकलेसाठी! त्यातल्या कित्येक इमारती नंतर पाडल्या गेल्या, फोटो राहिले. बेखर ज्या उजेडाची वाट बघत, तो कोल्हापूरला आषाढात दिवसभर मिळतो. शेजारच्या फाउंड्रीतले (ओतकामाच्या कारखान्यातले) लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा करायचे नमुने, मागून आणा आणि त्या उजेडात ओळीने फोटो काढा. पुलीचे, पंपाचे, कशाचेही चालतील, पण सगळे एकाच अंतरावरून आणि एकाच उंचीवरून. मालकाला आधी विचारा. गिऱ्हाइकाचं डिझाइन असलं तर तो नको म्हणेल, आणि ते रास्तच आहे.

आपल्याकडे हे नवं नाही, हेही ग्रुपला सांगा. मुंबईच्या मित्तर बेदींनी स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत देशातल्या कारखान्यांचे जे कृष्णधवल फोटो काढले, त्यांत पाइप आणि चिमण्यांना देवळाच्या खांबांसारखा डौल आहे.

प्रश्न : आजीचा तांब्याचा बंब अजून घरात आहे. फोटो काढला की त्यात मीच दिसते, शिवाय खिडकी, पंखा सगळं. आधी चिंच-मीठ लावून लख्ख करू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लख्ख केलात तर तुम्ही आणखी स्पष्ट दिसाल. चकचकीत धातू समोर जे असेल तेच दाखवतो, म्हणून त्याला काय दिसतंय ते आधी ठरवा. बंबाच्या तिन्ही बाजूंनी पांढरी चादर लावा, पुढून दुसऱ्या चादरीतल्या फटीतून कॅमेऱ्याची काच तेवढी आत घाला. मोबाइल असेल तर लांब उभं राहून झूम वापरा, म्हणजे तुमचं प्रतिबिंब लहान होईल आणि बंबाचं पोटही वेडंवाकडं फुगणार नाही.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० मध्ये ढोबळी मिरचीचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्यात ती मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली होती. नरसाळ्याच्या आतल्या भिंतींनी उजेड चहूकडून परतवला, म्हणून तिची वळणं तशी उठून दिसतात. तुमच्या चादरीही तेच काम करतील.

घासायचाच असेल तर फोटो काढून झाल्यावर घासा. निखाऱ्यांनी काळवंडलेला तळ, धुराड्याचं तोंड, तोटीभोवती पाण्याने धरलेला हिरवट-पांढरा क्षार, हे सगळं आधी टिपून घ्या. पहिला क्लोजअप तोटीचाच घ्या, आणि सकाळी, खिडकी उत्तरेची असेल तर कोणत्याही वेळी.