छोट्या डिझेल हॅचबॅकला पुढचे मोठे ब्रेक बसवून घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१३ची छोटी डिझेल हॅचबॅक आहे, महिन्यातून तीन-चारदा रत्नागिरी–कोल्हापूर करता, आंबा घाट उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेक कमी पडतात, मग पुढे मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या थाळ्या) आणि मोठे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणारे भाग) बसवावेत का, आणि बसवायचे तर कोणते. कोणते ते मी सांगणार नाही. बसवू नका एवढं मात्र ठासून सांगतो, कारण मी बसवले होते. याच घाटासाठी, याच कारणासाठी, आणि घरातल्या ज्या माणसाला यातलं सगळ्यात जास्त कळत होतं त्याचं न ऐकता.

माझी गाडी २०१२ची. इंजिन तेच फियाटचं १.३ लिटरचं डिझेल, जे स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत सगळ्यांच्या बॉनेटखाली बसलं. मे २०१६ची गोष्ट. ताई-भावोजी कोल्हापूरला असतात. त्यांना सुट्टीला घरी आणायला मी आणि अण्णा गेलो होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत तीस वर्षं चालक, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रत्नागिरी–कोल्हापूर फेरीवर. परतताना गाडीत आम्ही चौघं, ताईची दोन मुलं, डिकीत गुळाच्या ढेपा, तांदळाचं पोतं आणि तीन बॅगा. मागचे टायर कमानीत शिरले होते.

मलकापूर मागे पडलं, आंबा गाव गेलं, उतार लागला. अण्णा पुढे बसले होते. पहिल्या वळणाआधीच म्हणाले, "दुसरा टाक." मी टाकला. इंजिन ओरडायला लागलं. मुलं नुकतीच झोपली होती. मागून भावोजी म्हणाले, "अरे, कशाला इंजिनाची वाट लावतोस? डिझेल किती पिईल ते! ब्रेक आहेत ना." मी चौथा टाकला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली.

काच कशाला खाली केली ते मला पाच-सहा वळणांनंतर कळलं. ते वास घेत होते. म्हणाले, "लायनर जळतोय. बाजूला घे." मी म्हटलं, पुढे रुंद जागा आली की घेतो. पुढच्या वळणावर पाय दिला तर पेडल मऊ लागलं, आणि त्याच्या पुढच्या वळणावर ते थेट खाली टेकलं. समोर सिमेंटचा ट्रक रांगत उतरत होता. मला त्या क्षणी काहीही सुचलं नाही, हे खरं सांगतो. अण्णांचा आवाज मात्र फेरी मारताना असायचा तसाच होता. "पाय उचल, परत मार. परत. तिसरा टाक. आता दुसरा." आणि त्यांचा उजवा पंजा हँडब्रेकवर, बटण अंगठ्याने दाबून धरलेलं, दांडा एकेक इंच वर. झटक्यात ओढला असता तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी झाली असती. डोंगराच्या अंगाला थोडी मोकळी जागा होती, तिथे गाडी थांबली. ट्रक त्याच्या त्याच्या चालीने खाली गेला, त्याला काही कळलंही नसेल.

भावोजी खाली उतरून पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाले. अण्णांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलंत तर तडकेल ती." आम्ही अर्धा-पाऊण तास बसलो. मग मी पेडल दाबून बघितलं, तर अगदी पूर्वीसारखं टणक. जसं काही झालंच नव्हतं. साखरप्यापर्यंत दुसऱ्या गिअरात उतरलो आणि पुढे घरापर्यंत कोणी फारसं बोललं नाही.

रात्री जेवताना निकाल लागला. भावोजी म्हणाले, कंपनीने डिस्क लहान दिल्यात, एवढ्या वजनाला पुरत नाहीत, कोल्हापुरात एक गॅरेजवाला आहे, मोठ्या ब्रेकचं किट बसवून देतो. अण्णा म्हणाले, "ब्रेक लहान नाहीत. ब्रेक ऑइल बघा, आणि गिअरात उतरा." त्यावर भावोजी म्हणाले, "अण्णा, एसटीचा जमाना वेगळा होता." अण्णांनी ताटावरून हात उचलला नाही की मान वर केली नाही. मी तिथे गप्प बसलो. तुमच्या प्रश्नाला एवढं लांब उत्तर लिहितोय ते त्या गप्प बसण्यामुळे.

डिसेंबरमध्ये किट बसवलं. मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर. ते १४ इंची रिममध्ये मावेनात म्हणून १५ इंची अलॉय, मग त्याचे टायर. सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार गेले. जुने कॅलिपर आणि डिस्क गॅरेजवाल्याने पोत्यात घालून परत दिले. ते पोतं मी पडवीत टाकलं.

मार्च २०१७, शिमग्याला पुन्हा तीच वाट. यावेळी गाडीत मी एकटाच होतो, म्हणजे वजनही कमी. किटवर विश्वास ठेवून तिसऱ्या-चौथ्यातच उतरलो. घाट संपत आला तेव्हा पेडल पुन्हा मऊ. तळाला नाही टेकलं, पण निम्म्यापर्यंत गेलं. अठ्ठेचाळीस हजार पायाखाली होते आणि पाय खाली खाली जात होता.

या वेळी अण्णांच्या ओळखीच्या रत्नागिरीतल्या मिस्त्रीकडे गाडी नेली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. त्याने गाडी वर घेतली, किटकडे बघितलंसुद्धा नाही, मागच्या चाकाचा ब्लीडर, म्हणजे ब्रेक ऑइल काढायचा स्क्रू, सोडला आणि पारदर्शक नळीतून ऑइल बाटलीत घेतलं. कोऱ्या चहासारखं आलं. ताजं ब्रेक ऑइल गोडेतेलापेक्षाही फिकं असतं. कोल्हापुरात फक्त पुढच्या दोन चाकांच्या ब्रेक पाइपातली हवा काढली होती आणि कमी पडलं तेवढं वरून ओतलं होतं. मागच्या पाइपात गाडी आली तेव्हाचं, पाच वर्षांचं जुनं ऑइल तसंच.

मग तो म्हणाला, जुने कॅलिपर आहेत का? पोतं उघडलं. डाव्या कॅलिपरची सरकपिन, म्हणजे ज्या पिनेवर कॅलिपर सरकतो ती, गंजून जाम झाली होती. एक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, त्याच कॅलिपरमधला दुसरा जवळजवळ अर्धा शिल्लक. खारा वारा, चार महिने पाऊस, पिनेचं रबर फाटलेलं. म्हणजे २०१६च्या त्या दुपारी डाव्या चाकाचा एकच पॅड ओढत होता आणि सगळी आग तिथेच. कंपनीची डिस्क लहान नव्हती. तिला काम करू दिलं जात नव्हतं.

आता हे पेडलचं नीट समजून घ्या, कारण तुम्ही नुसतं "कमी पडतात" असं लिहिलंय आणि सगळं त्यातच अडकलंय. पेडल टणक राहतं, पण जोर लावूनही गाडी थांबत नाही: तेव्हा पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जातं: तेव्हा ऑइल उकळलेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे किनाऱ्यावर ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पावणेचार टक्के पाणी शिरलं की १४०ला. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. पाण्याची वाफ झाली की पाइपात बुडबुडा होतो, बुडबुडा दाबला जातो आणि पॅड हलत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी, पेडल पुन्हा टणक, आणि भावोजींना वाटतं की डिस्क लहान होती.

उष्णता किती असते याचा हिशोब मी नंतर मांडला. गाडी माणसांसकट चौदाशे किलो आणि उताराची उंची चारशे मीटर धरा. सुमारे ५५ लाख ज्यूल. एवढ्यात सोळा-सतरा लिटर साध्या पाण्याला आधण येईल. हा बंब चार चाकांत पेटतो, त्यातही बहुतेक पुढच्या दोनांत. मोठी डिस्क ही उष्णता सामावून घ्यायला थोडी जास्त जागा देते, हे खरं. पण गिअरात उतरलात तर बरीचशी उष्णता ब्रेकपर्यंत जातच नाही, इंजिन खातं. अण्णांचा नियम एका ओळीचा: ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर. आणि डिझेलचं म्हणाल, तर गाडी गिअरात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर बंदच होतात. न्यूट्रल मारलंत की उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं. साडेतीन हजार आरपीएमला इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. मुलं परत झोपतील.

इंजिन बंद करून उतरणारेही मी पाहिलेत. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम द्यायला वेगळा पंप असतो आणि तो इंजिनावर चालतो. इंजिन बंद, पंप बंद. दोन-तीनदा पाय मारलात की बूस्टर रिकामा आणि पेडल दगडासारखं.

तर मिस्त्रीने काय केलं: किट काढलं. जुने कॅलिपर उघडून पिना घासल्या, नवीन रबरं घातली, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावू देऊ नका, रबर फुगतं. नवीन मूळ डिस्क, नवीन मूळ पॅड, मागच्या ड्रमचे लायनर साफ करून सेट केले, आणि चारी चाकांतून सगळं ऑइल काढून डॉट ४ भरलं. डबा समोर फोडून घ्या, आठवडाभर उघडा पडलेला डबा नको. सगळं मिळून किटच्या पाचव्या हिश्शात झालं. त्यानंतर दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की ऑइल बदलतो आणि पिना उघडून बघतो. आंबा, कुंभार्ली, गगनबावडा, सगळे घाट भरल्या गाडीने उतरलोय. पेडल एकदाही खाली गेलं नाही.

भावोजी अजून म्हणतात, तुझं किट हलक्यातलं होतं. भावोजी, ब्रेम्बोसारख्या नामी कंपनीचे कॅलिपर आणून लावले असते तरी त्यात तेच ऑइल गेलं असतं. आणि कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला मूळ मास्टर सिलिंडरचं (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं) ऑइल पुरवायचं म्हणजे पेडल मुळातच लांब जातं, ते त्या गॅरेजवाल्याने तुम्हालाही सांगितलं नव्हतं आणि मलाही. भोकं पाडलेल्या डिस्क तर आपल्या लाल चिखलात नकोतच. भोकांत चिखल बसतो आणि तडा जायचा तर भोकापासूनच सुरू होतो.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं. पेडल टणक राहून गाडी थांबत नसेल, ऑइल ताजं असेल, पिना मोकळ्या असतील आणि तुम्ही गिअरातच उतरत असाल, तर आधी चांगले पॅड बदलून बघा. त्यानेही भागलं नाही तर तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचे मूळ ब्रेक जसेच्या तसे बसतात का ते जाणकाराला विचारा. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसेल (नव्या गाड्यांना ते २०१९पासून सक्तीचं झालं, तुमची त्याआधीची आहे) तर पुढे जोर वाढवल्यावर पावसात पुढची चाकं आधी जाम होतील आणि स्टिअरिंग ऐकणार नाही. सपाट रस्त्यावर जोरात ब्रेक मारून चाक जाम होत असेल तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे, कमी पडतोय तो टायर. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये अडकू शकतो, आणि अपघात झाला तर विमेवाले ते बरोबर शोधून काढतात.

डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. मिस्त्रीला ती मोजून दाखवायला सांगा. आणि शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं ते सर्व्हिस बुकात बघून इथे लिहा. पेडल टणक राहतं की खाली जातं तेही लिहा. किट अजून माझ्या पडवीत आहे, त्याच पोत्यात, पण तुम्हाला मी ते विकणार नाही.