मुंगीसारखा कोळी: शिक्क्याच्या मागे लागण्याआधी समोरून फोटो काढा

आंब्याच्या पानावरच्या ‘आठ पायांच्या तांबड्या मुंगी’चा तुमचा फोटो पाहिला आणि माझं जुनं दुखणं वर आलं. आठ पाय म्हणजे ती मुंगी नव्हे, मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. फोटोवरून जीव ओळखणाऱ्या ॲपने त्याची तीन नावं सुचवली, म्हणून आता वरून काढलेला हा एकच फोटो एखाद्या संस्थेकडे धाडून नाव ‘अधिकृत’ करून घ्यायचं म्हणताय. जरा थांबा. (मी वाणिज्य शाखेचा माणूस, जाणकारांनी चुकलं तिथे टोकावं.)

पानं शिवून घरटी करणाऱ्या त्या मुंग्यांचं सोंग घेणारे कोळी एकाहून जास्त आहेत. मिर्माप्लाटा हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी. मुंगीच्या वेशामुळे शत्रू त्याच्या वाटेला जात नाहीत. अमायसिया खेकडा-कोळ्यांच्या कुळातला, आणि तो त्याच मुंग्या मारून खातो. त्याच्या पोटाच्या मागच्या टोकावर दोन काळे ठिपके असतात, हुबेहूब मुंगीचे डोळे. म्हणजे आपण ज्याला तोंड समजतो ती मागची बाजू! समोरून मात्र खेळ संपतो. गाडीच्या हेडलाइटसारखे दोन मोठे डोळे दिसले तर उडी मारणारा, सगळे डोळे बारीक असले तर दुसरा.

मला एका कार्यालयाने (नाव घेत नाही) असल्याच धूसर फोटोवरून मिर्माप्लाटाचं नाव लिहून दिलं, थेट स्पीशीजसकट (म्हणजे अगदी नेमकी जात), सही-शिक्क्यानिशी. पत्र पाहून गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवजातींच्या नोंदीचं दप्तर) ते चढलंही. पुढे त्याच झाडावर समोरून फोटो मिळाला. डोळे बारीक, ठिपके मागे. दुरुस्तीचा अर्ज केला तर उत्तर आलं, ‘मूळ नमुना सादर करावा.’ अहो, पत्र देताना कुठे नमुना मागितला होतात? प्रत्यक्ष गेलो तेव्हा साहेबांची बदली झालेली आणि फाइल ‘दुसऱ्या टेबलावर’. नोंदवहीत अजून तेच नाव आहे. ॲपवरचं नाव निदान कोणीही खोडू शकतो.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: फोटोवरून जीनसपाशी (स्पीशीजच्या वरचा गट, जसा मिर्माप्लाटा) थांबण्यात कमीपणा नाही. कित्येक कोळ्यांची स्पीशीज जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि पिल्लू असेल तर तेही शक्य नसतं. तरीही कोणी एका फोटोवर छातीठोकपणे स्पीशीज सांगत असेल, तर ‘कशावरून?’ एवढं विचाराच. खरा अभ्यासक चिडत नाही.

तुमचा कोळी अजून त्याच फांदीवर असेल तर पारदर्शक डबीत अलगद घ्या. समोरून, बाजूने आणि डबी उचलून खालून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. फ्लॅशवर बटर पेपर लावला तर चकाकी जाते. मग त्याच पानावर सोडा. फक्त बाही खाली ओढून घ्या, खऱ्या मुंग्याही तिथेच असतात.

तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या सुरवंटासाठी झाडाचाही फोटो टाका. पानं कढीपत्त्याची वाटतायत, तसं असेल तर शोध बराच सोपा होईल.