बाल्कनी हॉलमध्ये घेताय? आधी कलम 43 वाचा

घोडबंदर रोडवरच्या एका ताईंनी विचारलंय. टॉवरमध्ये टू बीएचके आहे, किचनची भिंत काढून हॉल मोठा करायचाय, बाल्कनी आत घ्यायचीय, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला परमिशन-बिरमिशन काही लागत नाही, सेक्रेटरी तोंडी हो म्हणाले, आणि रेलिंग कापून झाल्यावर सोसायटीने काम बंद करायचं पत्र दिलं. असले प्रश्न सारखे येतात आणि प्रत्येकात तोडफोड आधी झालेली असते, विचारणं नंतर.

टाइल्स, रंग, मॉड्युलर किचन याबद्दल बोलत नाही, त्याला पालिकेत जावं लागत नाही.

तुमचं सगळं अडतं ते एमआरटीपी ॲक्ट 1966 (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) च्या कलम 43 वर. परवानगीशिवाय बांधकाम नाही हा नियम, आणि त्यालाच जोडून अपवाद आहे की देखभाल, सुधारणा किंवा फेरफाराचं काम फक्त आतल्या भागापुरतं असेल किंवा इमारतीचं बाहेरचं रूप त्याने फारसं बदलत नसेल तर परवानगी नको. कॉन्ट्रॅक्टर लोकांनी यातलं 'आत' एवढंच ऐकलेलं असतं. रेलिंग जाऊन तिथे भिंत आणि स्लायडिंग खिडकी आली की ते खालून रस्त्यावरूनही दिसतं, म्हणजे बाल्कनीपुरता अपवाद तुम्हाला लागू नाही असंच मी धरेन. परवानगी मिळेल का, हे मंजूर नकाशात ती बाल्कनी कशी दाखवलीय आणि एफएसआयचं (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम चालतं, त्याचं) काय आहे त्यावर ठरेल, नकाशा न बघता मी शब्द देणार नाही.

किचनची भिंत आतली, म्हणून चालेल? थांबा. अपवादाचा फायदा घेताना इमारतीच्या मजबुतीला धक्का लागता कामा नये, आणि तुमच्याकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये मिवानचं काम आहे (ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब काँक्रीटने ओतायची पद्धत), तिथे पुष्कळ भिंती विटांच्या नसून सळईसकट काँक्रीटच्या असतात आणि वरचा भार त्याच पेलतात. ड्रिल मारल्यावर लाल भुगा न येता करडा आला तर हातोडा खाली ठेवा. लाल आला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्याच. जुलै 2017 मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून 17 माणसं गेली, तिथे तळमजल्यावर फेरफार चालू होते. माझा आवाज चढतो तो यामुळे.

आणि सेक्रेटरीचं तोंडी हो म्हणजे काहीच नाही. सोसायटीची लेखी परवानगी वेगळी, पालिकेची वेगळी, एक मिळाली म्हणून दुसरी सुटत नाही.

आता रेलिंगच्या जागी तात्पुरतं मजबूत बॅरिकेड आजच लावून घ्या, घरात मुलं असतील तर आधी तेच, बाकी काम बंद. सोसायटीकडे मंजूर नकाशाची प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात पालिकेच्या शहर विकास विभागाकडे अर्ज टाका, आणि लायसन्स्ड आर्किटेक्टकडून प्रस्ताव करून घ्या. विनापरवाना काम अंगावर आलं तर कलम 52 मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे.

पालिकेची नोटीस आलीच तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्यात लिहिलेल्या मुदतीतच कलम 53(3) खाली बांधकाम कायम ठेवायचा अर्ज करता येतो, आणि तो निकाली निघेपर्यंत नुसत्या नोटिशीवर तोडता येत नाही. मुदत गेली की हा रस्ता बंद, मग दिवाणी कोर्टातही याच कायद्याचं कलम 149 आडवं येतं, कारण पालिकेच्या अशा नोटिशीला तिथे दाव्यात आव्हान देता येत नाही. नोटीस हातात पडली त्याच दिवशी वकील गाठा.